तेरा नंबरचा नकार

1966 साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, एक विचित्र प्रकार घडला. संस्थेच्या सामायिक संगणकावर जो कोणी लॉगिन करी, त्याच्या टर्मिनलवर रोजच्या सूचनेऐवजी एक लांबलचक यादी छापली जाऊ लागली. यादीत सगळ्या वापरकर्त्यांची नावं होती आणि प्रत्येक नावापुढे त्याचा पासवर्ड होता.

सीटीएसएस नावाची ही यंत्रणा अनेकांना एकाच वेळी एकच संगणक वापरू देणाऱ्या पहिल्यावहिल्या यंत्रणांपैकी. तिचे कर्ते फर्नांडो कॉर्बाटो यांनी पुढे ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात या फजितीची फोड करून सांगितली. मजकूर दुरुस्त करण्याचा जो एडिटर होता, तो काम चालू असताना एक कच्ची फाइल तयार करी आणि तिचं नाव दर वेळी तेच ठेवी. एका कप्प्यात एका वेळी एकच माणूस काम करणार, हे त्यामागचं गृहीतक. पुढे व्यवस्थापकांच्या सोयीसाठी हा नियम सैल झाला. त्या दिवशी एक व्यवस्थापक रोजची सूचना बदलत होता आणि दुसरा पासवर्डची फाइल. दोघांच्या कच्च्या फाइलींची अदलाबदल झाली आणि सूचनेच्या जागी पासवर्ड जाऊन बसले.

या गोष्टीतला एक तपशील मोलाचा आहे. पासवर्डच्या फाइलीवरची बंदी कोणीही उठवली नव्हती. नियम जिथल्या तिथे होते, बदललं होतं ते भोवतालचं.

आज ऑफिसातल्या सामायिक ड्राइव्हवर नेमका उलटा अनुभव येतो. काल संध्याकाळपर्यंत उघडत असलेलं फोल्डर सकाळी ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणतं. लिनक्सवाल्यांच्या पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’ येतं. फोल्डर वापरणारा शपथेवर सांगतो, की मी काही केलं नाही. सर्व्हर सांभाळणाराही तेच सांगतो. गंमत म्हणजे बहुतेक वेळा दोघंही खरं बोलत असतात. फोल्डरला कोणी हात लावलेला नसतो, तरीही नकार येतो. हा नकार कुठून येतो हे कळायला गेल्या साठ वर्षांत फाइलींच्या राखणदारीचं काय काय झालं ते पाहावं लागतं.

सीटीएसएसच्या अनुभवातून एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून मल्टिक्स नावाचा मोठा घाट घातला. 1965 मध्ये त्याच्या आराखड्यावरचे निबंध प्रसिद्ध झाले. प्रत्येक फाइलीला स्वतःची यादी असावी आणि तिच्यात कोणाला काय करता येईल ते नोंदलेलं असावं, ही कल्पना त्यात होती. आज जिला ॲक्सेस कंट्रोल लिस्ट म्हणतात ती हीच. कल्पना उत्तम होती, पण मल्टिक्सचं गाडं रेंगाळलं आणि 1969 मध्ये बेल लॅब्जने अंग काढून घेतलं.

तिथल्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी मग स्वतःपुरती छोटी यंत्रणा उभी केली. ती युनिक्स. मल्टिक्सच्या लांबलचक यादीच्या जागी तिने मोजकी चिन्हं ठेवली. 1971 च्या पहिल्या मॅन्युअलात फाइलीचा मालक आणि बाकीचे एवढाच भेद होता. गट ही तिसरी पायरी थोडी नंतर आली. त्यातून जी नऊ चिन्हं ठरली ती आजही तशीच आहेत: मालक, गट आणि इतर, आणि प्रत्येकाला वाचणं, लिहिणं आणि चालवणं अशा तीन परवानग्या. वाचण्याला 4, लिहिण्याला 2, चालवण्याला 1. म्हणून 640 म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येईल, गटाला नुसतं वाचता येईल आणि बाकीच्यांना दार बंद.

या नऊ चिन्हांना काही खोडी जन्मापासून आहेत. फाइलीवरची परवानगी कितीही उदार असली, तरी तिच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरवर ‘चालवण्या’ची परवानगी लागते. फोल्डरच्या बाबतीत तिचा अर्थ ‘आतून जाऊ देणं’. वाड्यातल्या खोलीची किल्ली हातात आहे, पण दिंडीदरवाजाच लावलेला आहे, असा हा मामला. दुसरी खोड याहून तिरपी आहे. युनिक्स आधी पाहतं की तुम्ही मालक आहात का. असाल तर फक्त मालकाची तीन चिन्हं पाहून निकाल देतं. ती कोरी असतील, तर साऱ्या जगाला मोकळी असलेली फाइल मालकालाच बंद राहते.

तरीही ही व्यवस्था टिकली, कारण सगळं एकाच छपराखाली होतं. यंत्र एक, फाइली त्यावर, वापरकर्त्यांची हजेरीवहीही त्यावरच. युनिक्स नावं लक्षात ठेवत नाही, प्रत्येकाला एक क्रमांक देतं. 1975 च्या सहाव्या आवृत्तीत हा क्रमांक एका बाइटात मावत असे, म्हणजे जास्तीत जास्त 256 माणसं. फाइलीवर मालक म्हणून नोंद होते ती क्रमांकाची. नाव दिसतं ते हजेरीवहीत शोधून. त्याच आवृत्तीच्या मॅन्युअलात चुकांचे क्रमांकही छापले होते. क्रमांक 1, ‘तुम्ही मालक नाही’. क्रमांक 13, ‘परमिशन डिनाइड’.

राखणदार एकीकडे आणि हजेरीवही दुसरीकडे अशी फारकत झाली ती नेटवर्कमुळे.

1982 मध्ये स्थापन झालेल्या सन मायक्रोसिस्टिम्सने प्रत्येक इंजिनिअरच्या टेबलावर वर्कस्टेशन ठेवायचं ठरवलं. पण प्रत्येक यंत्राला मोठी डिस्क देणं परवडणारं नव्हतं आणि फाइली तर सगळ्यांना सारख्याच हव्या होत्या. त्यावर सनने नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, तयार केली. रसेल सँडबर्ग आणि चार सहकाऱ्यांनी 1985 च्या उन्हाळ्यात पोर्टलंडच्या यूसेनिक्स परिषदेत तिच्यावर निबंध सादर केला. दूरच्या सर्व्हरवरची डिस्क आपल्याच यंत्रावर आहे असं वाटावं, ही तिची करामत.

सर्व्हर मध्येच बंद पडला आणि पुन्हा सुरू झाला, तर कोणाचं काही अडू नये म्हणून एनएफएसच्या सर्व्हरला स्मरणशक्तीच दिली नव्हती. कोणी कोणती फाइल उघडली आहे हे तो लक्षात ठेवत नसे. म्हणून प्रत्येक मागणीसोबत ‘मी कोण’ ते नव्याने सांगावं लागे, आणि ते सांगायचं एका क्रमांकाने. समोरच्या यंत्राने ‘मी 1001’ म्हटलं की सर्व्हर मान डोलावी. कोणी खातरजमा करत नसे.

यातून काय घडतं ते जवळून पाहू. एका कार्यालयात दोन यंत्रं आहेत. सर्व्हरवर आधी हिशेबनिसाचं खातं उघडलं, त्याला 1001 मिळाला. मग भांडारपालाचं उघडलं, त्याला 1002. एके दिवशी टेबलावरचं यंत्र बिघडतं, नव्याने लावलं जातं, आणि खाती उघडणारा माणूस या वेळी आधी भांडारपालाचं नाव टाकतो. आता या यंत्रावर भांडारपाल 1001 आहे. हिशेबनीस आपल्या खात्याने शिरून स्वतःचीच वही उघडू पाहतो, आणि सर्व्हर त्याला नाही म्हणतो, कारण त्याच्या लेखी दारात 1002 उभा आहे. भांडारपालाला मात्र हिशेबाची वही खुशाल उघडते. चोर सोडून संन्याशाला फाशी! फाइलींची यादी काढली तर या यंत्रावर मालक म्हणून भांडारपालाचं नाव येतं आणि गोंधळ आणखी वाढतो. ‘एलएस’ या आज्ञेला ‘एन’ची जोड देऊन नावांऐवजी नुसते क्रमांक मागवले, की बिंग फुटतं. युनिक्स सांभाळणारे म्हणूनच नावांवर विश्वास ठेवत नाहीत, आधी क्रमांक पाहतात.

सनलाही हे ठाऊक होतं. सगळ्या यंत्रांना एकच हजेरीवही पुरवण्यासाठी तिने ‘यलो पेजेस’ नावाची सेवा काढली. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून ते बदलून एनआयएस करावं लागलं. तिच्या आज्ञांच्या सुरुवातीला मात्र ‘वायपी’ ही अक्षरं तशीच राहिली.

दुसरा बंदोबस्त सर्वाधिकारी ‘रूट’ वापरकर्त्याचा. त्याचा क्रमांक 0. टेबलावरच्या यंत्राचा रूट सर्व्हरवरही रूट झाला, तर सगळंच उघडं पडेल. म्हणून सर्व्हर 0 क्रमांकाच्या पाहुण्याला ‘नोबडी’, म्हणजे कोणीच नाही, करून टाकतो. त्याचा क्रमांक उणे 2 धरला होता, आणि सोळा बिटांत तो 65534 असा दिसतो. स्वतःच्या यंत्रावर सर्वशक्तिमान असलेला ॲडमिन सामायिक फोल्डरमध्ये मात्र दाराबाहेर उभा राहतो, त्याचं कारण हे. यात बिघाड काही नाही, पहारा ठरल्याप्रमाणे चालू असतो.

विसराळू सर्व्हरमुळे आणखी एक पेच पडला. युनिक्समध्ये परवानगी तपासली जाते ती फाइल उघडताना. एकदा उघडली, की मागून परवानगी काढली तरी चालू काम अडत नाही. एनएफएसचा सर्व्हर मात्र प्रत्येक वाचना-लेखनाला नव्याने तपासणार. म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने फाइल उघडून लगेच तिच्यावर कुलूप घातलं, तर तो स्वतःच अडकणार. त्यावरचा तोडगा एनएफएसच्या 1989 मध्ये छापलेल्या नियमावलीतच नमूद आहे: परवानगीची चिन्हं काहीही म्हणोत, सर्व्हरने फाइलीच्या मालकाला वाचू-लिहू द्यावं. दुसरीही सवलत द्यावी लागली. प्रोग्रॅम चालवायचा तर आधी तो वाचावा लागतो, आणि वाचण्यासाठी वाचणं आणि चालवण्यासाठी वाचणं यांतला फरक सर्व्हरला कळत नाही. म्हणून चालवण्याची परवानगी असली तर वाचूही द्यावं, असं ठरलं. काटेकोर नियमांना अशी ठिगळं पहिल्यापासून लागली.

सगळ्यांत चिवट ठरलं ते सोळाचं कोडं.

1983 च्या 4.2 बीएसडी या युनिक्सने एका माणसाला एकाच वेळी अनेक गटांत राहण्याची सोय केली. सनच्या नेटवर्कवरून जाणाऱ्या ओळखपत्रात त्यामुळे गटांसाठी रकाना आला. या ओळखपत्राच्या 1988 च्या नियमावलीत त्याची मर्यादा 16 आहे. संपूर्ण ओळखपत्रालाच 400 बाइटांची वेस होती. तेव्हाच्या हिशेबाने 16 गट पुष्कळ होते. पण कंपन्या आणि विद्यापीठं वाढली, प्रत्येक प्रकल्पाला, समितीला, विभागाला गट झाला, आणि माणसं वीस-वीस, तीस-तीस गटांत नोंदली गेली. ओळखपत्रावर मात्र त्यांतले 16च चढतात. बाकीचे यंत्रावरच राहतात.

हा बिघाड नवख्याला चक्रावून टाकतो. एखाद्या कर्मचाऱ्याला नव्या प्रकल्पाच्या गटात घेतात, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं जुन्या प्रकल्पाचं फोल्डर बंद होतं. त्याच्याकडून काही काढून घेतलेलं नसतं, उलट दिलेलं असतं. त्याच्या यंत्रावर ‘आयडी’ ही आज्ञा दिली तर सगळे गट नीट दिसतात. तोच माणूस थेट सर्व्हरवर शिरला तर फोल्डर उघडतं. फक्त नेटवर्कवरून अडतं. अशा वेळी जाणकार पहिल्यांदा गट मोजतो. लिनक्सच्या सर्व्हरवर यावर उतारा आहे: समोरून आलेल्या गटांच्या यादीकडे दुर्लक्ष करून सर्व्हरने ती आपल्या हजेरीवहीत स्वतः शोधायची. मात्र त्या वहीत त्या माणसाचं नाव नसेल, तर उताऱ्याचाच अपाय होतो.

क्रमांकावर विश्वास ठेवणं एमआयटी आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाला परवडणारं नव्हतं. तिथे हजारो विद्यार्थी, आणि कोणत्याही यंत्राशी कोणीही खेळ करील अशी स्थिती. एमआयटीत 1983 मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट अथेनातून कर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत निघाली. ग्रीक पुराणातल्या पाताळाच्या दारावरच्या तीनतोंडी कुत्र्याचं नाव तिला दिलं. हिच्यात सकाळी एकदा पासवर्ड द्यायचा आणि तिकीट घ्यायचं. मग दिवसभर प्रत्येक सर्व्हरला ते तिकीट दाखवायचं. कार्नेगी मेलनमध्ये आयबीएमच्या साथीने उभ्या राहिलेल्या अँड्र्यू फाइल सिस्टिमनेही हीच वाट धरली. तिचे एक प्रमुख शिल्पकार महादेव सत्यनारायणन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी. अँड्र्यू हे नाव विद्यापीठाच्या दोन्ही दात्यांचं, कार्नेगी आणि मेलन यांचं. या यंत्रणेने प्रत्येक फोल्डरला सात प्रकारच्या हक्कांची यादी दिली. मल्टिक्सची कल्पना अशी आडवाटेने परत आली.

तिकीट आलं तशी मुदतही आली. कर्बेरॉसच्या चौथ्या आवृत्तीत मुदत नोंदायला एकच बाइट होता आणि एकक पाच मिनिटांचं. म्हणजे जास्तीत जास्त 255 गुणिले 5, म्हणजे 1275 मिनिटं, अर्थात 21 तास 15 मिनिटं. ज्या संशोधकाचं आकडेमोडीचं काम दोन दिवस चालायचं, त्याचा प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी मध्येच नकार खाऊन मरे. फाइलीही त्याच, माणूसही तोच. फक्त तिकीट शिळं झालेलं. अँड्र्यूवर याची आणखी एक गंमत होती. तिकीट संपलं की तो माणूस ‘कोणीही’ या वर्गात जमा होई. त्यामुळे सगळ्यांना मोकळी असलेली फोल्डरं उघडत राहत आणि स्वतःची मात्र बंद होत. अर्धं चालतंय आणि अर्धं नाही, हे पाहून माणूस डिस्कवर संशय घेत बसे.

चोरलेलं तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून दोन्हीकडची घड्याळं जुळणंही गरजेचं ठरलं. नेहमीची सूट पाच मिनिटांची. मायक्रोसॉफ्टने विंडोज 2000 मध्ये कर्बेरॉस स्वीकारलं आणि ही अट जगभरच्या ऑफिसांत पोहोचली. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपतो, घड्याळ मागे पडतं, आणि सामायिक फोल्डर उघडेनासं होतं. पडद्यावरच्या नकारात वेळेचा उल्लेखही नसण्याची शक्यता असते. भिंतीवरचं घड्याळ आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ ताडून पाहणं हा म्हणूनच तपासातला एक जुना टप्पा आहे.

पर्सनल काँप्युटरच्या जगातली वाट वेगळी होती. डॉसला मुळात माणसंच माहीत नव्हती. यंत्र ज्याच्यापुढे, तो मालक. आयबीएममधल्या बॅरी फायगेनबॉम यांनी 1980 च्या दशकात डॉसच्या फाइली नेटवर्कवर नेणारी पद्धत काढली, तिचं नाव एसएमबी. सुरुवातीच्या काळात परवानगी माणसाला नसे, ती फोल्डरला चिकटवलेली असे. विंडोज 95 मध्ये फोल्डर शेअर करताना वाचण्यासाठी एक पासवर्ड आणि पूर्ण हक्कांसाठी दुसरा, अशी सोय होती. कानोकानी तो सगळ्या मजल्याला माहीत व्हायला वेळ लागत नसे.

मोठी ऑफिसं त्या काळात नोव्हेलच्या नेटवेअरकडे वळत. तिथे आठ हक्क होते आणि त्यांतला एक खास होता, फाइल नजरेस पडण्याचा. तो नसेल तर नकारही येत नसे. फोल्डर यादीत दिसतच नसे, आणि माणूस ‘फाइली उडाल्या’ म्हणून धावत येई.

1993 च्या विंडोज एनटीने प्रत्येक फाइलीला सविस्तर यादी दिली, पण दारं दोन ठेवली. एक परवानगी शेअरची, नेटवर्कवरून येणाऱ्यासाठी. दुसरी डिस्कवरच्या फोल्डरची. दोन्हींतली जी कडक, ती लागू. जुन्या एनटीमध्ये नवा शेअर उघडला की पहिलं दार सताड उघडं असे: ‘एव्हरीवन’, पूर्ण हक्क. विंडोज सर्व्हर 2003 मध्ये मायक्रोसॉफ्टने ते ‘एव्हरीवन’, फक्त वाचन, असं केलं. नवा सर्व्हर आणून जुनी फोल्डरं जशीच्या तशी हलवणाऱ्या ऑफिसांत हे नेमकं नडलं. आतल्या दारावर सगळे हक्क बरोबर दिसत, तरी फाइल सेव्ह होत नसे, कारण बाहेरच्या दाराकडे कोणी पाहिलेलंच नसे.

एनटीच्या आणखी दोन सवयी हजारो फोनकॉलना कारण झाल्या. फाइल कॉपी केली, तर ती नव्या फोल्डरचे हक्क घेते. त्याच डिस्कवर नुसती सरकवली, तर जुन्या फोल्डरचे हक्क अंगावर घेऊनच जाते. साहेबांच्या खासगी फोल्डरातून सामायिक फोल्डरात ओढून टाकलेला तक्ता बाकीच्यांना उघडत नाही तो यामुळे. दुसरी सवय गटांची. कोण कोणत्या गटात आहे याचा परवाना लॉगिनच्या वेळी तयार होतो. दुपारी गटात नाव घातलं तरी सकाळपासून बसलेल्याला त्याचा उपयोग नाही. त्याने बाहेर पडून पुन्हा आत यायला हवं. ‘एकदा लॉगऑफ करून बघा’ हा आयटीवाल्यांचा सल्ला टाळाटाळीचा वाटतो, पण या बाबतीत तो अगदी शास्त्रशुद्ध आहे.

ही दोन जगं जोडली ती ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरामध्ये शिकणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी. 1991-92 च्या सुमारास नेटवर्कवरून जाणारा मजकूर न्याहाळत त्यांनी युनिक्सला एसएमबी बोलायला शिकवलं. पुढे नाव बदलायची वेळ आली, तेव्हा शब्दकोशाच्या फाइलीत एस, एम, बी ही अक्षरं या क्रमाने येणारे शब्द शोधले. त्यांत ‘सांबा’ सापडला. विंडोजची लांब यादी युनिक्सच्या नऊ चिन्हांत कोंबायची हे सांबाचं जन्माचं दुखणं. युनिक्सलाही यादी देणारा एक प्रमाणमसुदा तयार झाला होता, पण तो अखेर मागे घेतला गेला. तरी लिनक्सने तो मसुदाच उचलला. त्यात एक ‘मुखवटा’ असतो, यादीतल्या सगळ्यांना मिळून जास्तीत जास्त किती द्यायचं याची कमाल मर्यादा. कोणी जुन्या सवयीने परवानग्या बदलणारी ‘सीएचमॉड’ ही आज्ञा देऊन गटाचं लिहिणं काढलं, तर प्रत्यक्षात हा मुखवटा बदलतो आणि यादीत नावानिशी असलेल्या सगळ्यांचं लिहिणं एकदम थांबतं. यादी तपासावी तर प्रत्येकाचं नाव आणि हक्क जागच्या जागी. फाइलीच्या चिन्हांमागे उभं असलेलं अधिकचं एक बारीक चिन्ह तेवढं खुणावत असतं, की इथे आणखी एक यादी आहे.

एनएफएसनेही 2000 नंतरच्या चौथ्या आवृत्तीत क्रमांक सोडून ‘अमुक ॲट तमुक’ अशी नावं स्वीकारली आणि विंडोजच्या वळणाची यादी घेतली. मग दोन्ही यंत्रांवरचं ‘तमुक’ जुळलं नाही, की सगळ्या फाइलींचा मालक ‘नोबडी’ दिसू लागला.

गेल्या काही वर्षांत नकाराचं कारण बहुधा फोल्डरापासून आणखी लांब गेलं आहे. मे 2017 मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रॅमने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर शिरकाव केला. 27 जूनला नॉटपेट्या हा तसाच दुसरा उपद्रवी प्रोग्रॅम आला. त्याने मर्स्क या जहाज कंपनीला झोपवलं आणि त्याची झळ थेट न्हावा-शेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलला बसली. संगणकाविना कंटेनर हाताने नोंदवून हलवायची वेळ आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात विंडोज 10 ची जी आवृत्ती आली, तिच्यापासून एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीची हकालपट्टी सुरू झाली. जुनं फोटोकॉपी यंत्र स्कॅन केलेला कागद फोल्डरात टाकेनासं झालं, जुनी सामायिक डिस्क दिसेनाशी झाली. 2024 च्या शेवटी विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीने प्रत्येक संदेशावर सही मागायला आणि पासवर्डविना येणाऱ्या पाहुण्याला परतवायला सुरुवात केली. घरगुती नेटवर्क डिस्कवर बिनपासवर्डाचं फोल्डर ठेवणाऱ्यांना तेव्हा कळलं, की आपण इतकी वर्षं पाहुणे म्हणूनच आत जात होतो.

अशा सकाळी सगळ्यांत जवळचा उपाय म्हणजे सगळ्यांना सगळं देऊन टाकणं. युनिक्सवर 777, विंडोजवर ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’. कारण तिकिटाचं, घड्याळाचं, मुखवट्याचं किंवा बाहेरच्या दाराचं असेल, तर याने नकार जातही नाही. आणि ते फोल्डर वर्षानुवर्षं तसंच उघडं पडतं. खंडणीखोर प्रोग्रॅम तर ज्या माणसाच्या यंत्रात शिरतो, त्याला जिथे जिथे लिहिता येतं तिथलं सगळं कुलूपबंद करतो. 777 ने त्याचंच काम सोपं केलेलं असतं.

मुरलेले ॲडमिन म्हणून फोल्डरकडे सगळ्यांत शेवटी जातात. आधी विचारतात, नकार एकालाच की सगळ्यांना, एकाच यंत्रावरून की सगळीकडून. मग सर्व्हर या माणसाला कोण समजतो आहे ते पाहतात. त्यानंतर क्रमांक, गट, तिकीट, घड्याळ. मग दोन्ही दारं आणि वाटेवरची फोल्डरं. काल रात्री कोणतं अपडेट आलं ते. वाचकाच्या ऑफिसात उद्या असा प्रसंग आला, तर ‘फोल्डर उघडत नाही’ एवढंच न कळवता कोणत्या यंत्रावरून, कोणत्या खात्याने, किती वाजता आणि शेवटचं केव्हा उघडलं होतं, हे चार तपशील लिहून द्यावेत. निम्मा शोध तिथेच संपतो.

पडद्यावरचा नकार यांतलं काहीच सांगत नाही, कारण त्याच्यापाशी सांगायला एकच आकडा असतो. 1975 च्या मॅन्युअलात ‘परमिशन डिनाइड’चा क्रमांक 13 होता. एनएफएसच्या 1989 च्या नियमावलीने तोच घेतला, चौथ्या आवृत्तीनेही तोच ठेवला. आजच्या लिनक्समध्येही तो 13च आहे.